मातीचं कार्ड फुकट मिळतं, पण वाचायला एक शास्त्र पुरत नाही

मृदा आरोग्य कार्डाबद्दल आमच्या भागात दोन मतं ऐकू येतात. काही जण म्हणतात, सरकारी कागद आहे, फायलीला लावून ठेवा. काही जण कार्डावर लिहिलेलं खत तेवढ्याच किलोंनी आणून टाकतात आणि पुढच्या वर्षी पीक वाढलं नाही म्हणून कार्डाला नावं ठेवतात. माझं कुळागर, म्हणजे पोफळीची (सुपारीची) मिश्र बाग, गोव्यातल्या सावईवेऱ्यात आहे. पोफळी, माड, पोफळींवर चढवलेल्या मिरवेली, थोडी जायफळं, केळी, आणि वरच्या उतारावर अननस. शाळेत गणित आणि विज्ञान शिकवून निवृत्त झाले तेव्हापासून कुळागराचा कारभार माझ्याकडे आहे. कार्ड मी घेतलं, त्याबरहुकूम बदलही केले. ज्यांची जमीन आहे त्यांना या अनुभवाचा उपयोग व्हावा म्हणून लिहिते आहे. ज्या घरांत मुलं 'रसायनशास्त्र शिकून काय करायचं' असं विचारतात, त्या घरांसाठीही.

आधी सेवा काय आहे ते. ही योजना १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातल्या सुरतगढला सुरू झाली. आपल्या जमिनीतल्या मातीचा नमुना प्रयोगशाळेत जातो, त्याच्या बारा तपासण्या होतात आणि निकाल कार्डावर छापून येतो. सामू (म्हणजे पीएच, आम्लतेचं माप), विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब. मग नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश), गंधक. शेवटी जस्त, लोह, तांबे, मंगल (मँगनीज) आणि बोरॉन. प्रत्येक आकड्यापुढे 'कमी', 'मध्यम', 'जास्त' किंवा 'पुरेसे' असा शेरा, आणि खाली पिकानुसार खताची शिफारस. कार्डासाठी शेतकऱ्याला पैसे पडत नाहीत. कृषी खात्याच्या झोनल ऑफिसात विचारलं की पुढची वाट कळते.

नमुना घेण्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण सगळ्या कार्डाचं भवितव्य तिथे ठरतं. प्रयोगशाळेत जाते ती जेमतेम अर्धा किलो माती. त्यातलीही काही ग्रॅम प्रत्यक्ष तपासली जाते. त्या मूठभर मातीने आख्ख्या कुळागराच्या वतीने बोलायचं असतं. म्हणून एकाच जागेची माती उचलायची नाही. नागमोडी चालत पंधरा-वीस जागा निवडायच्या, वरचा पालापाचोळा बाजूला करायचा, इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा घेऊन त्याच्या कडेची चकती काढायची, आणि सगळं एका स्वच्छ कापडावर एकत्र करायचं. मग ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेले पुन्हा मिसळायचे, असं अर्धा किलो उरेपर्यंत. भाताला वरची पंधरा सेंटिमीटर माती पुरते. पोफळीची आणि माडाची मुळं त्याखाली काम करतात, तिथे तीस सेंटिमीटरपर्यंतचा थर घ्यावा, आणि त्याखालचा तीस ते साठचा वेगळा. शेणखताच्या खळग्याजवळ, बांधावर, पाटाच्या कडेला नमुना घ्यायचा नाही. सावलीत सुकवायचा. लोखंडी गंजक्या घमेल्यात ठेवला तर लोहाचा आकडा खोटा येतो, म्हणून प्लॅस्टिकची बादली.

हे सगळं ऐकायला कारकुनी वाटतं, पण हे संख्याशास्त्र आहे. इंग्लंडातल्या रोथॅमस्टेड या शेतीसंशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर हे संख्याशास्त्रज्ञ १९१९ साली रुजू झाले आणि शेतातल्या आकड्यांवर विश्वास केव्हा ठेवायचा आणि केव्हा नाही, याची गणिती शिस्त त्यांनी तिथे घडवली. आज जगभर औषधांच्या चाचण्या ज्या पद्धतीने होतात तिची मुळं त्या गव्हा-बटाट्याच्या वाफ्यांत आहेत. मी वर्गात सरासरी, मध्यक, बहुलक शिकवले, पण ती ढिगाची चार भागांत वाटणी जितकी नेमकी समजावून देते तितकं माझ्या फळ्याला कधी जमलं नव्हतं.

योजनेतली माझ्या मते सर्वांत कच्ची बाजूही इथेच आहे. योजनेच्या मूळ आराखड्यात बागायती जमिनीत अडीच हेक्टरांच्या एका चौकटीमागे एक नमुना आणि जिरायतीत दहा हेक्टरांमागे एक नमुना, असं प्रमाण धरलं होतं. पंजाबच्या सपाट शेतांना ते चालेलही. आमची कुळागरं त्या चौकटीपेक्षा लहान, आणि तेवढ्याशा जागेत तीन-चार टप्पे. वरच्या टप्प्यावर पावसाने धुतलेली तांबडी माती, तळाला झरीच्या काठची काळपट, ओलसर. दोन्हींची सरासरी म्हणजे कुठेच नसलेली माती. सामूच्या बाबतीत तर सरासरी आणखी फसवी असते, कारण सामूचं माप दहाच्या पटीत चालतं. सामू ६ पेक्षा ५ म्हणजे दहापट आम्लता. दोन सारखी द्रावणं घेतली, एकाचा सामू ५ आणि दुसऱ्याचा ६, तर नुसत्या गणिताने मिश्रणाचा सामू साडेपाच येत नाही, ५.२६ च्या आसपास येतो. म्हणून मी टप्प्यांचे नमुने वेगळे दिले. वरच्याचा सामू ५.१ आला, तळच्याचा ५.९. एकच कार्ड घेतलं असतं तर तळाला नको असलेला चुना पडला असता आणि वर हवा तेवढा पडला नसता. तुम्हीही वेगळे नमुने द्यायचा आग्रह धरा. मला त्यासाठी थोडं बोलावं लागलं, पण नमुने घेतले गेले.

सामू ही कल्पना कुठून आली हे सांगायचा मोह आवरत नाही. १९०९ साली सोरेन सोरेन्सन या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने ती मांडली, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत. ही प्रयोगशाळा बिअर गाळणाऱ्या कंपनीने काढलेली. आंबवण्याच्या प्रक्रियेत आम्लतेचं नेमकं माप हवं होतं. तिथे जन्मलेलं माप आज सावईवेऱ्यातल्या पोफळीला किती चुना घालायचा ते सांगतं. समाजाला उपयोगी विज्ञान कुठलं आणि निरुपयोगी कुठलं हे आधीच ठरवता येतं असं ज्यांना वाटतं, त्यांना मी हे उदाहरण नेहमी देते.

गोव्यातल्या जवळजवळ प्रत्येकाच्या कार्डावर माती आम्लधर्मी येणार, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे घाबरायला होणार नाही. आपल्याकडे वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, सह्याद्रीच्या पायथ्याशी त्याहूनही जास्त. हजारो वर्षांचा हा पाऊस मातीतलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश धुऊन नेतो आणि मागे लोह व ॲल्युमिनियम उरतं. तोच आपला जांभा, ज्याचे चिरे काढून आपण घरं बांधतो. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश डॉक्टरने मलबारात हिंडताना असा दगड कापून विटांसारखा वापरतात हे पाहिलं आणि १८०७ साली त्याचं वर्णन छापलं. भूशास्त्राने जांभ्याची पहिली नोंद घेतली ती तिथे. हा भूशास्त्राचा धागा हाती असला की कार्डावरचे निम्मे शेरे आपोआप उलगडतात. लोह 'पुरेसे' का? पालाश 'कमी' का? आपल्या डोंगराचा इतिहासच तसा आहे.

स्फुरदाचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे. आम्ल मातीत लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला धरून ठेवतात. तो मातीत असतो, पण मुळांना मिळत नाही. म्हणून प्रयोगशाळा 'उपलब्ध स्फुरद' मोजतात, आणि तो मोजायच्या दोन प्रचलित पद्धती आहेत. आम्ल मातीसाठी ब्रे यांची पद्धत, उदासीन आणि चुनखडीच्या मातीसाठी ओल्सन यांची. चुकीची पद्धत लावली तर आकडा येतो, छापलाही जातो, पण त्यावरून खत ठरवणं धोक्याचं. माझ्या कार्डावर पद्धत लिहिलेली नव्हती. मी विचारलं, प्रयोगशाळेतल्या मुलीने वही बघून सांगितलं. एवढा एक रकाना कार्डावर वाढवला तर फार बरं होईल. शेतकऱ्याला त्यातलं काय कळणार, असं कोणी म्हणू नये. रक्ततपासणीच्या कागदावर पद्धत छापलेली असतेच की.

आता शिफारस. ती हेक्टरी किलोंत येते. कुळागरात हेक्टर कुणी मोजत नाही, झाडं मोजतात. कासरगोडच्या केंद्रीय बागायती पीक संशोधन संस्थेची पोफळीसाठीची शिफारस झाडामागे वर्षाला १०० ग्रॅम नत्र, ४० ग्रॅम स्फुरद, १४० ग्रॅम पालाश अशी आहे, शिवाय बारा किलो हिरवा पाला आणि बारा किलो कंपोस्ट. युरियात नत्र ४६ टक्के, म्हणजे सुमारे २१७ ग्रॅम युरिया. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये पालाश ६० टक्के, म्हणजे सुमारे २३३ ग्रॅम. स्फुरदासाठी आपल्या आम्ल मातीत रॉक फॉस्फेट चांगलं, कारण ते आम्लतेतच हळूहळू विरघळतं. वीस टक्क्यांचं असेल तर २०० ग्रॅम. हे मी वहीत लिहून भिंतीला लावलं आहे, आणि शेजारच्या चार घरांतही लावून दिलं आहे. सातवीचं शेकडेवारीचं गणित आहे. माझ्या कार्डात सेंद्रिय कर्ब जास्त आला होता, त्यामुळे नत्र मी यातलंही कमी केलं. कुळागरात गळालेली झावळं, केळीची सोपटं, जायफळाचा पाला तिथल्या तिथे कुजतो. कर्ब चांगला असणं ही आपल्या जुन्या पद्धतीची कमाई आहे.

इथपर्यंत कार्ड आणि मी, दोघांचंच चाललं होतं. सेवेचा खरा कस लागला तो कार्ड वाचनाच्या बैठकीत. ५ डिसेंबर हा जागतिक मृदा दिन. त्या सुमारास गावोगाव कार्डं वाटली जातात. आमच्याकडे नुसतं वाटप झालं नाही, देवळाच्या मंडपात खुर्च्या मांडून मृदाशास्त्राच्या मॅडम, वनस्पती रोगशास्त्राचे सर आणि कृषी विस्ताराचं काम करणारा एक तरुण अशी मंडळी बसली, आणि ज्याचं त्याचं कार्ड हातात घेऊन बोलली. ही बैठक प्रत्येक गावात होत नाही. झाली पाहिजे. या सेवेला मी पाचपैकी चार तारे देईन, त्यातले दोन या बैठकीचे.

माझ्या कार्डावर तांब्यापुढे 'पुरेसे' असं लिहिलेलं. मी पुढे सरकणार, तेवढ्यात मॅडमनी बोट ठेवलं. ''बाई, हा आकडा बघा. ०.२ च्या खाली गेला तर आपण कमतरता म्हणतो. तुमचा सहाच्या पुढे आहे. कार्डाला फक्त कमी की पुरेसं एवढंच सांगता येतं, फार झालं हे सांगायची त्याच्यात सोय नाही.''

तांबं आलं कुठून? पोफळीखाली उभं राहून वर बघणाऱ्या कुणालाही हे उत्तर माहीत आहे. कोळेरोग. पावसाळ्यात कोवळ्या सुपाऱ्या काळ्या-हिरव्या पडून सडतात आणि झाडाखाली सडा पडतो. हा रोग करणारा फायटॉफ्थोरा दिसतो बुरशीसारखा, पण खऱ्या बुरशीच्या कुळातला नाही. पाण्यात पोहणारे बीजाणू सोडतो, म्हणूनच त्याला आपला पाऊस मानवतो. म्हैसूर संस्थानात लेस्ली कोलमन या कॅनडाहून आलेल्या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या रोगाचा छडा लावला आणि बोर्डो मिश्रणाची फवारणी बागायतदारांत रुजवली. बोर्डो मिश्रण म्हणजे मोरचूद (तांब्याचं सल्फेट) आणि चुना. फ्रान्समध्ये बोर्डोच्या परिसरात रस्त्यालगतच्या द्राक्षवेलींवर चोरांनी हात लावू नये म्हणून शेतकरी हा निळा लेप मारायचे. त्या वेलींवर केवडा हा रोग पडत नाही हे मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नजरेत भरलं, आणि १८८५ मध्ये त्याने ते औषध म्हणून जाहीर केलं. तेव्हापासून आजतागायत मोरचुदाची फवारणी चालू आहे. पानांवरून, सुपाऱ्यांवरून ओघळलेलं तांबं शेवटी मातीत येतं, आणि तांबं कुजत नाही, वाहूनही फारसं जात नाही. आम्ल मातीत तर ते अधिकच मोकळं होतं. माझ्या कार्डावरचा तो आकडा म्हणजे आमच्या घरातल्या कित्येक पावसाळ्यांच्या फवारण्यांची नोंद होती.

मॅडम म्हणाल्या, फवारण्या कमी करा, गांडुळं आणि मातीतले जीव याने मरतात. रोगशास्त्राचे सर म्हणाले, फवारणी चुकवली तर सुपारी हातात येणार नाही. दोघांचंही खरं होतं. मंडपात जरा शांतता झाली. मला आठवतं, एक बागायतदार उठून म्हणाले, ''तुमीच आदीं एकमत करात, मागीर आमकां सांगात.'' त्यांच्या बोलण्यात राग होता, आणि तो समजण्यासारखा होता. सोयीसाठी आपण शास्त्रांच्या शाखा पाडल्या, प्रत्येक शाखेची वेगळी इमारत, वेगळी प्रयोगशाळा, वेगळी पदवी. कुळागरात मात्र सगळ्या शाखा एकाच झाडाखाली उभ्या असतात, आणि त्यांच्यात तडजोड करायचं काम शेतकऱ्यावर सोडून दिलेलं असतं.

त्या दिवशी ते काम त्या दोघांनी आमच्यासमोर बसून केलं, आणि म्हणूनच मला या सेवेबद्दल इतकं चांगलं बोलावंसं वाटतं. सुमारे तासभर चाललं. पहिली फवारणी पाऊस सुरू व्हायच्या तोंडावर, दुसरी चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी. तिसरी सवयीने नाही. पाऊस लांबला आणि गळ दिसली तरच. खाली पडलेल्या रोगट सुपाऱ्या गोळा करून नष्ट करायच्या, कारण पुढचा रोग त्यांच्यातून उठतो. वरच्या टप्प्याला आधी चुना देऊन सामू उचलायचा, म्हणजे मातीतलं तांबं बांधलं जाईल. आणि मिश्रण नीट करायचं: एक टक्क्यासाठी एक किलो मोरचूद पन्नास लिटर पाण्यात, एक किलो चुना वेगळ्या पन्नास लिटरमध्ये, प्लॅस्टिकच्या पिंपात, आणि मोरचुदाचं पाणी ढवळत ढवळत चुन्याच्या पाण्यात ओतायचं.

मिश्रण नीट झालं की नाही हे कसं ओळखायचं, असं सरांनी विचारलं तेव्हा आमच्याकडे फवारणी करणारे मामा उभे राहिले. ''कोयती बुडयतां,'' ते म्हणाले. घासून चकचकीत केलेली कोयती मिश्रणात बुडवायची. तिच्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय. सर म्हणाले, अगदी बरोबर, पुस्तकातही हीच चाचणी आहे. मला माझा दहावीचा वर्ग आठवला: मोरचुदाच्या द्रावणात लोखंडी खिळा, खिळ्यावर तांब्याचा थर, द्रावणाचा निळा रंग फिका. लोह तांब्यापेक्षा अधिक क्रियाशील, म्हणून ते तांब्याला विस्थापित करतं. वर्षानुवर्षं मी तो प्रयोग परीक्षानळीत दाखवला. कुळागर असलेल्या घरांतली मुलं माझ्यासमोर बसलेली असायची, आणि हा प्रयोग दर जूनमध्ये तुमच्या घरामागे होतो, हे पाठ्यपुस्तकाने त्यांना सांगितलं नाही. आता मी निवृत्त असले तरी आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षिकेला मी कोयतीची चाचणी वर्गात करायला सुचवलं आहे. मामांनी येऊन दाखवायचं कबूलही केलं आहे.

कार्डावर एक माणूस मात्र कुठेच नाही, तो म्हणजे फवारणी करणारा. पोफळ पन्नास-साठ फूट उंच. वर चढून, कमरेला दोर बांधून, वाऱ्यात उलटून येणारा निळा तुषार तोंडावर घेत तो काम करतो. १९६९ साली पोर्तुगालमधल्या डॉक्टरांनी द्राक्षमळ्यांत वर्षानुवर्षं बोर्डो मिश्रण फवारणाऱ्या कामगारांच्या फुप्फुसांचा आजार नोंदवला. त्यांच्या फुप्फुसांत तांबं सापडलं होतं. ज्या देशाने साडेचारशे वर्षं आपल्यावर राज्य केलं तिथल्या मजुरांच्या छातीत लागलेला हा शोध, तेच औषध मारणाऱ्या आपल्या मजुरांपर्यंत किती पोचला? मी बैठकीत हे विचारलं. रोगशास्त्राच्या सरांनी प्रामाणिकपणे सांगितलं की हा डॉक्टरांचा प्रांत आहे, पण मास्क आणि चष्मा हवाच. पुढच्या बैठकीला आरोग्य केंद्रातून कोणीतरी यावं अशी लेखी विनंती आम्ही दिली आहे. मामांसाठी मी चांगला मास्क आणला. जमिनीवर उभं राहून लांब दांडीने फवारायचा पंप शेजारच्यांबरोबर भागीत घेण्याचं चाललं आहे.

शाखांच्या भिंतींचा विषय निघाला की मला दामोदर धर्मानंद कोसंबी आठवतात. १९०७ साली आपल्या गोव्यात जन्मलेले, पेशाने गणिती, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेले. त्यांनी हजारो प्राचीन नाणी तोलली, वापराने नाणं किती झिजतं याचं संख्याशास्त्र मांडलं आणि त्यातून इतिहास वाचला. पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायी हिंडून दगडी हत्यारं गोळा केली. १९४४ साली त्यांनी आनुवंशिकीतलं एक सूत्र दिलं, गुणसूत्रावरच्या दोन जनुकांमधलं अंतर काढण्याचं. ते आजही कोसंबी सूत्र म्हणूनच ओळखलं जातं, आणि भातासारख्या पिकांच्या नव्या जाती घडवणारे जनुकांचे नकाशे काढताना ते वापरतात. एका माणसाने हे सगळं केलं याचं कौतुक आहेच. पण प्रत्येकाकडून कोसंबी होण्याची अपेक्षा करता येत नाही, म्हणून दोन-तीन वेगवेगळ्या शास्त्रांची माणसं एका मंडपात आणावी लागतात. खर्च म्हणाल तर चहाचा आणि गाडीच्या पेट्रोलचा.

आता ज्या शास्त्रांना आपण शास्त्र म्हणून मोजत नाही त्यांच्याबद्दल. कार्डासाठी जमिनीचा तपशील लागतो, म्हणजे एक-चौदाचा उतारा. आमच्या उताऱ्यावर अजून सासऱ्यांचं नाव आहे, म्हणून माझ्या कुळागराचं कार्ड दिवंगत माणसाच्या नावाने निघालं. वाडीतल्या कित्येक घरांत याहून अवघड स्थिती आहे. १९६४ चा कूळ कायदा, १९७५ चा मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) कायदा, त्यांतले न सुटलेले दावे. कसणारा एक, उताऱ्यावर दुसरा. कसणाऱ्याच्या हाती कार्ड नाही आणि भाटकाराला, म्हणजे जमीनमालकाला, त्या मातीशी देणंघेणं नाही. मातीत चुना किती घालायचा हे रसायनशास्त्र सांगेल. चुना कुणी घालायचा, आणि उद्या जमीन आपल्याकडे राहील की नाही याची खात्री नसलेल्या माणसाने पदरचे पैसे का घालायचे, हा प्रश्न कायद्याचा, अर्थशास्त्राचा, समाजशास्त्राचा. विस्ताराचं काम करणाऱ्या त्या तरुणाला हे नेमकं कळत होतं. बैठकीची वेळ सकाळी अकराची ठेवली तर बायका येणार नाहीत हे ओळखून त्याने ती दुपारी चारची ठेवली होती, आणि मंडपात निम्म्या बायका होत्या. त्याचं पद कार्डावर कुठे छापलेलं नसतं, पण कार्ड आमच्या स्वयंपाकघरांपर्यंत पोचलं ते त्याच्यामुळे.

माझा भाऊ दिवाडीला असतो, खाजनाच्या (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतजमिनीच्या) काठाला. त्याच्या कार्डात सगळा जीव विद्युत वाहकतेच्या आकड्यात, कारण तो आकडा म्हणजे जमिनीतलं मीठ. बांध फुटला, मानशीचं (बांधातल्या पाण्याच्या झडपेचं) दार नीट बसलं नाही, की खारं पाणी शेतात येतं आणि तो आकडा चढतो. त्याच्या जमिनीचं औषध खतात नाही, बांधाच्या डागडुजीत आहे, आणि ती पूर्वी गावकरीतून, म्हणजे गावच्या सामायिक संस्थेतून, सगळ्यांनी मिळून व्हायची. माझ्या कुळागरात हाच रकाना वाचायचीही गरज पडत नाही. सगळ्यांना एकच छापील नमुना दिला की कुणी कुठे बघायचं हे सांगणारं माणूस लागतंच.

उणिवा थोडक्यात. निकालाला वेळ लागला. पावसाआधी शिफारस हवी होती, ती पाऊस संपल्यावर आली. छपाई बारीक. आंतरपिकांचा विचार नाही, जणू पोफळीवर मिरवेल नाहीच आणि खाली केळ नाहीच. मॅग्नेशियम त्या बारात नाही, आणि आमच्याकडे पोफळी पिवळ्या पडतात तेव्हा पहिला संशय त्याच्यावरच येतो. मी चुन्याऐवजी डोलोमाइट वापरलं, त्यात मॅग्नेशियमही असतं. वरच्या टप्प्यावरची नवी पानं यंदा हिरवी आली आहेत. ते डोलोमाइटमुळे की गेल्या वर्षीच्या बऱ्या पावसामुळे, हे एवढ्यावरून सांगता येणार नाही, म्हणून एका ओळीला मी मुद्दाम काहीच घातलेलं नाही. दोन ओळी शेजारी शेजारी ठेवून बघते आहे.

नमुना द्यायला जाल तेव्हा सोबत एक चिठ्ठी द्या: कुठली पिकं, शेवटची फवारणी कधी आणि कशाची, चुना कधी घातला होता. स्फुरद कुठल्या पद्धतीने काढला ते विचारा. तांब्याचा आकडा शेऱ्यावर न जाता स्वतः वाचा. आणि गावात पाच-दहा कार्डं झाली की वाचनाच्या बैठकीसाठी झोनल ऑफिसात एकत्र अर्ज करा, एकट्याने नको. आमच्या वाडीचा यंदाचा अर्ज गेला आहे, त्यात आरोग्य केंद्राचंही नाव घातलं आहे. नमुने मी मे महिन्यात, पहिल्या फवारणीच्या आधी काढणार आहे.